त्या विम्याच्या जाहिरातीतल्या माणसाकडे नीट बघा

पत्र: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा २५ वर्षांचा आहे. नाटकाची पदवी घेऊन त्याला तीन वर्षं झाली. रोज ट्रेननं न्यूयॉर्क गाठतो, ऑडिशन देतो, संध्याकाळी एका कॅफेत काम करतो. आजवर मिळालं काय, तर एका मालिकेत दोन वाक्यांचा डॉक्टर, एका लघुपटात दुकानदार आणि एका नाटकात तीन किरकोळ कामं. विचारलं की म्हणतो, "आई, मला हिरो व्हायचंच नाहीये, मला कॅरेक्टर अ‍ॅक्टर व्हायचंय." आणि उदाहरण कुणाचं देतो, तर फार्मर्स विम्याच्या जाहिरातीतल्या त्या टक्कल पडलेल्या गृहस्थांचं. त्यांना म्हणे ऑस्कर मिळालंय. असल्या बारीकसारीक कामांवर कुणाचं पोट भरतं का हो? आणि आम्ही किती वर्षं थांबायचं? – एक आई, एडिसन

ताई, मुलानं उदाहरण उत्तम निवडलंय. फक्त ते तो शेवटाकडून वाचतोय. त्या जाहिरातीतल्या गृहस्थाला, म्हणजे जे. के. सिमन्सला, ऑस्कर मिळालं २०१५ मध्ये, तेव्हा तो ६० वर्षांचा होता. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्याच्या आधीच्या पस्तीसेक वर्षांत आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

त्याचा जन्म १९५५ चा, डेट्रॉईटजवळचा. माँटाना विद्यापीठातून १९७८ मध्ये त्यानं पदवी घेतली ती संगीताची. नाटकात रुळला तो त्याच राज्यातल्या बिगफोर्क गावच्या उन्हाळी नाट्यगृहात. या उन्हाळी कंपन्यांचा कारभार असा असतो की तीच मूठभर मंडळी एका हंगामात चार-चार नाटकं आलटून पालटून करतात. आज आजोबा, उद्या कोरसमध्ये नाच, परवा खलनायक, आणि सकाळी तालीम चौथ्याच नाटकाची. तिथून सिएटल, मग न्यूयॉर्क, मग ब्रॉडवे: 'पीटर पॅन'मध्ये कॅप्टन हुक, १९९२ च्या 'गाइज अँड डॉल्स'मध्ये बेनी साउथस्ट्रीट. घराघरांत चेहरा ओळखीचा होऊ लागला तो १९९७ नंतर, म्हणजे बेचाळिशी ओलांडताना.

तुमच्या मुलाला एका नाटकात तीन कामं मिळाली, ती तुम्ही किरकोळ म्हणून लिहिलीत. आमच्या मते त्याच्या तीन वर्षांतलं सगळ्यांत मोलाचं काम तेच. फक्त त्यानं ते कसं केलं हे विचारा. नवे नट अशा वेळी आवाज बदलतात, मिशी लावतात, एकाला लंगडायला लावतात. तरीही तिन्ही माणसं एकच वाटतात, कारण तिघांची लय एकच असते: समोरच्याचं वाक्य संपल्यावर उत्तर द्यायला तिघंही सारखाच वेळ घेतात. माणूस वेगळा होतो तो तिथे. एकाला वाक्य संपायच्या आत उत्तर सुचतं, दुसरा आधी श्वास घेतो, तिसरा ऐकून घेतो पण नजर दाराकडे असते. हे जमलं की मिशी लागत नाही. सिमन्सनं पुढे २०१७ ते २०१९ या काळात 'काउंटरपार्ट' मालिकेत एकाच चेहऱ्याच्या दोन माणसांची मुख्य भूमिका केली. दोघांचं नाव एकच, चेहरा एकच, आणि कित्येक प्रसंगांत दोघं समोरासमोर. तरी कोण कोणता हे कळतं: एकाचे खांदे किंचित आत ओढलेले, दुसरा जागा आपलीच असल्यासारखा उभा. मुलाला एखादा भाग आवाज बंद करून बघायला सांगा.

आता १९९७ सालाकडे या, कारण त्याच्या कारकिर्दीची किल्ली तिथे आहे. त्या वर्षी एचबीओ वाहिनीवर 'ऑझ' ही तुरुंगातली मालिका सुरू झाली. तिच्यात सिमन्स होता व्हर्न शिलिंगर, वंशद्वेष्ट्या कैद्यांचा म्होरक्या, अतिशय क्रूर माणूस. त्याच वर्षापासून 'लॉ अँड ऑर्डर'मध्ये तो पोलिसांना मदत करणारा मानसोपचारतज्ज्ञ एमिल स्कोडा झाला. टक्कल तेच, आवाज तोच. पण शिलिंगर बोलताना समोरच्याचं काय बिघडवता येईल हे बघत असतो, आणि स्कोडा समोरच्याचं काय बिघडलंय हे बघत असतो. नुसता शिलिंगर केला असता तर पुढची दहा वर्षं त्याला गुंड आणि नाझीच मिळाले असते. कास्टिंगवाल्यांना भूमिका भरायला फार थोडा वेळ असतो, त्यामुळे काल ज्यानं जे केलं त्यालाच ते आज देणं त्यांना सोयीचं पडतं. दोन विरुद्ध कामं एकाच वेळी लोकांसमोर असली की तो शिक्का बसत नाही.

म्हणून काम निवडताना मुलानं 'मोठं की छोटं' असा विचार करू नये. आत्ता हातात जे आहे त्याच्या उलट काय मिळेल ते शोधावं. डॉक्टर झाला ना? मग पुढचे तीन-चार अर्ज विद्यार्थी-चित्रपटांतल्या आणि छोट्या नाटकांतल्या अशा माणसांसाठी करावेत ज्यांच्याकडे कुणी उपचाराला जाणार नाही. न्यूयॉर्कमधल्या चित्रपटशाळांत अशी कामं सतत निघतात. पैसे मिळत नाहीत, पण फिल्म हाती येते. ती हाती घेतल्याशिवाय विषय सोडू नये; 'नंतर पाठवतो' म्हणणारे दिग्दर्शक फार.

रीलचंही, म्हणजे आपल्या कामांचे तुकडे जोडून केलेल्या नमुन्याच्या फिल्मचंही, तेच. साठ ते नव्वद सेकंद, त्याहून जास्त नको. सुरुवातीला संगीत, नावाची पाटी, झरझर बदलणारी दृश्यं, हे सगळं काढून टाकावं. पहिल्या पाच सेकंदांत त्याचाच चेहरा बोलताना दिसायला हवा. आधी डॉक्टरची दोन वाक्यं, लगेच दुकानदाराचा तुकडा. दोन तुकडे जितके विरुद्ध तितकं चांगलं. त्यात सहकलाकाराचा चेहरा जास्त वेळ दिसत असेल तर तो तुकडा कापायचा, कितीही आवडता असला तरी. हेडशॉट, म्हणजे चेहऱ्याचे फोटो, आठ बाय दहा इंचाचे, निदान दोन: एक मोकळा, हसरा, आणि एक ज्यात तो गप्प आहे. फोटोत जसा दिसतो तसाच तो खोलीत शिरला पाहिजे. दाढी काढली की फोटो बदलायचा.

भारतीय चेहऱ्याला डॉक्टर, टॅक्सीवाला आणि संगणकवाला एवढंच मिळतं, ही शंका तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण मनात असणार. अडचण खरी आहे. तरी मुलाला एरिक अवारीचं काम बघायला सांगा. दार्जिलिंगला जन्मलेला हा पारशी नट १९९४ च्या 'स्टारगेट'मध्ये दुसऱ्या ग्रहावरच्या वस्तीचा म्होरक्या आहे आणि १९९९ च्या 'द ममी'मध्ये कैरोच्या संग्रहालयाचा प्रमुख. दोन्हीकडे दृश्यं मोजकीच, पण तो दिसला की पडद्यावर कुणीतरी जाणतं माणूस आलंय असं वाटतं. आणि हेल काढून बोलायला सांगितलं तर मुलानं सरळ विचारावं: हा माणूस भारतात कुठला, इथे येऊन किती वर्षं झाली? या प्रश्नानं बहुतेक वेळा भूमिकाच सुधारते, कारण लिहिणाऱ्यानं तेवढा विचार केलेला नसतो.

पोटाचा प्रश्न. इथे आकडे सांगितलेलेच बरे.

सॅग-आफ्ट्रा या नटांच्या युनियनच्या करारानुसार मालिकेत किंवा चित्रपटात एका दिवसाच्या बोलत्या भूमिकेचा किमान दर आज सुमारे १,२०० डॉलर आहे. त्यातले १० टक्के एजंटचे, मग कर. ऐकायला रक्कम बरी वाटते, पण वर्षात असे दिवस किती मिळतात हा खरा प्रश्न. युनियनचा आरोग्य विमा लागू व्हायला वर्षाला सुमारे २७-२८ हजार डॉलरची कमाई युनियनच्या कामांतून व्हावी लागते. म्हणजे किमान दरानं २३ दिवस. नवख्याला हे अवघड आहे, आणि अनेक अनुभवी नटही एखाद्या वर्षी त्या रेषेच्या खाली राहतात.

ही रेषा ओलांडून देतात त्या जाहिराती आणि आवाजाची कामं. म्हणून म्हटलं, त्या विम्याच्या जाहिरातीतल्या माणसाकडे नीट बघा. ती जाहिरात सिमन्स २०१० पासून करतोय. एम अँड एमच्या चॉकलेट गोळ्यांच्या जाहिरातींतल्या पिवळ्या गोळीचा आवाज नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून त्याचाच. शिवाय कार्टून, व्हिडिओ गेम. यातलं कुठलंही काम त्यानं हलकं मानून उरकलेलं दिसत नाही. जाहिरातीचा हिशोब वेगळा असतो: चित्रीकरणाच्या दिवसाचे पैसे, मग जाहिरात दाखवली जाईल तसे पैसे, आणि नटाला बांधून ठेवायचं असेल तर दर १३ आठवड्यांना ठरावीक रक्कम. बदल्यात त्या मालाच्या प्रतिस्पर्ध्याची जाहिरात करता येत नाही. इथेच नवी मुलं फसतात. युनियनबाहेरची एखादी जाहिरात एकदाच चारशे-पाचशे डॉलर देते आणि करारात बारीक अक्षरात 'कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत' असं असतं. मग तो चेहरा त्या मालाला कायमचा चिकटतो आणि युनियनची मोठी जाहिरात दारातून परत जाते. मुदत लिहिलेली नसेल तर सही करायची नाही, एवढं त्याला पक्कं सांगा.

मालिका पुन्हा दाखवली की रेसिड्युअल म्हणून चेक येतात. पण दर फेरीला रक्कम घटत जाते, आणि स्ट्रीमिंगवर ती आधीच तुटपुंजी. २०२३ मध्ये नटांचा ११८ दिवसांचा संप झाला त्याच्या कारणांतलं हे एक मोठं कारण होतं. त्यामुळे रेसिड्युअल आले तर आनंद मानावा, घरखर्च त्यावर बसवू नये.

युनियनबद्दल एक महत्त्वाचं. ती डॉक्टरची दोन वाक्यं युनियनच्या करारातल्या मालिकेत असतील तर मुलाला सदस्य होण्याचा हक्क बहुधा मिळालेलाच आहे. बिगर-सदस्याला निर्माता टाफ्ट-हार्टली या कामगार कायद्याखाली घेऊ शकतो. त्यानंतर ३० दिवस त्याला सदस्य न होता युनियनची कामं करता येतात. पुढे मात्र सदस्यत्व घ्यावं लागतं. प्रवेश फी सुमारे ३,००० डॉलर. हक्क मिळाला म्हणून लगेच धावत जाऊन ती भरू नये. सदस्य झाल्यावर युनियनबाहेरचं काम करायला बंदी असते, आणि रीलमध्ये दोनच तुकडे असताना ती बंदी जाचते. रील भरेपर्यंत फी बाजूला साठवत राहावं आणि दुसरं युनियनचं काम हाती आलं की भरावी.

आणि नट म्हणून नोंदणी करायला, फोटोबुक बनवायला किंवा 'आमच्याच क्लासला या' म्हणून जो एजंट आधी पैसे मागतो, त्याच्या ऑफिसातून उठून यायचं. एजंट कमाईतून घेतो, कमाईआधी घेत नाही.

सिमन्सच्या कारकिर्दीतली दुसरी गोष्ट म्हणजे तीच माणसं त्याला पुन्हा पुन्हा बोलावतात. दिग्दर्शक सॅम रायमीनं १९९९ मध्ये 'फॉर लव्ह ऑफ द गेम'मध्ये त्याला बेसबॉल संघाचा व्यवस्थापक केलं, २००० मध्ये 'द गिफ्ट'मध्ये शेरीफ केलं, आणि २००२ मध्ये 'स्पायडर-मॅन'मधला सिगार चावत ओरडणारा संपादक जेमसन त्याच्या हाती दिला. जेसन राइटमननं २००५ मध्ये 'थँक यू फॉर स्मोकिंग' दिला, २००७ मध्ये 'जुनो'तला बाप. मग २००९ मध्ये 'अप इन द एअर'मध्ये फक्त एक दृश्य.

ते दृश्य तुम्हीही बघा. नोकरीवरून काढलेला माणूस टेबलापलीकडे बसलाय, आणि काढायला आलेला जॉर्ज क्लूनी समोर. तो आधी चिडतो, मुलांचे फोटो दाखवतो, आता यांना काय सांगू म्हणून विचारतो. मग क्लूनी त्याच्या जुन्या बायोडेटातली एक ओळ काढतो: कधीकाळी हा फ्रेंच स्वयंपाक शिकला होता. ते स्वप्न किती पगारावर सोडलंस, असं विचारल्यावर सिमन्स आकडा सांगतो, वर्षाला २७ हजार. तो आकडा सांगताना त्याचा राग जागच्या जागी विरतो. आवाज चढत नाही, डोळे भरून येत नाहीत. नुसता चेहरा ढिला होतो, कारण हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलेलाच नसतो. जेमतेम काही मिनिटं, खुर्चीतून उठायचंही नाही. छोटी भूमिका म्हणजे काय याचा यापेक्षा चांगला धडा आम्हाला ठाऊक नाही.

याच ओळखीतून पुढचं घडलं. डेमियन शझेल नावाच्या तरुण दिग्दर्शकाकडे 'व्हिपलॅश'ची पटकथा होती, पैसे नव्हते. राइटमन त्या प्रकल्पाचा कार्यकारी निर्माता. आधी १८ मिनिटांचा लघुपट केला, त्यात सिमन्स होता. तो २०१३ च्या सनडान्स चित्रपट महोत्सवात गाजला, मग पैसे उभे राहिले आणि पूर्ण चित्रपट १९ दिवसांत चित्रित झाला. म्हणजे ज्या कामानं ऑस्कर दिलं त्याची सुरुवात लघुपटातून झाली, आणि तो करताना सिमन्सच्या नावावर तीन 'स्पायडर-मॅन' होते. तुमच्या मुलाच्या लघुपटातल्या दुकानदाराकडे या नजरेनं बघा. त्या लघुपटाचा दिग्दर्शक कोण होता, तो आता काय करतोय, हे मुलाला ठाऊक आहे का? नसेल तर आजच दोन ओळी पाठवाव्यात: काम बघितलं, पुढचं काही असेल तर कळवा. वर्षातून दोनदा, जास्त नाही.

आणि ती संगीताची पदवी वाया गेली असं कुणी म्हणालं असेल, तर 'व्हिपलॅश'मधली मूठ बघावी. वाद्यवृंद थांबवायला तो हात वर करतो आणि हवेत मूठ मिटतो. सगळी वाद्यं त्या क्षणी गप्प. मूठ मिटायच्या आधीचा पाव ठोका त्याच्या मनगटात आधीच मोजलेला असतो. जॅझ शिकवणारा तो मास्तर खरा वाटतो त्याचं निम्मं श्रेय या मनगटाला. तुमच्या मुलाला तबला, मराठी, पोहणं, गाडी दुरुस्त करणं, जे काही येत असेल ते बायोडेटाच्या 'विशेष कौशल्य' या ओळीत असू द्या. पण येत असेल तरच. सेटवर विचारतात.

तुम्ही घरबसल्या काय करू शकता, तेही सांगतो. आता बहुतेक पहिल्या ऑडिशन घरून टेप करून पाठवायच्या असतात आणि समोरची वाक्यं वाचायला कुणीतरी लागतं. तुम्ही वाचा. कॅमेऱ्याच्या भिंगाला अगदी लागून, एका बाजूला बसा, म्हणजे त्याची नजर भिंगाजवळ राहील. तुम्ही फोनच्या जवळ असल्यामुळे तुमचा आवाज मोठा येतो, म्हणून हळू वाचा. अभिनय करू नका, पण घाईही करू नका. तुम्ही घाई केलीत की तोही घाई करतो. फोन आडवा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, छातीपासून वरचा भाग दिसेल असा. मागे साधी राखाडी किंवा निळसर भिंत. खिडकी समोर हवी, पाठीमागे नको. एक्झॉस्ट फॅन, फ्रिज आणि कुकर तेवढ्यापुरते बंद. दोन टेक पुरे, आणि दुसरा पहिल्यापेक्षा खरोखर वेगळा असावा. वीस टेक घेतले की विसावा सगळ्यांत निर्जीव असतो. पाठवून झालं की विषय काढायचा नाही, 'काही कळलं का' हे तर अजिबात विचारायचं नाही. नकार सहसा कळवतच नाहीत.

किती वर्षं थांबायचं, याला वयाचं बंधन घालू नका, वही घाला. तारीख, कुठल्या ऑफिसनं बोलावलं, कसली भूमिका, कॉलबॅक (पुढच्या फेरीचं बोलावणं) आला का, तारखा राखून ठेवायला सांगितल्या का. शेवटचा रकाना फार महत्त्वाचा. 'या दिवशी मोकळा आहेस ना' असं विचारलं म्हणजे तो शेवटच्या दोघा-तिघांत होता. काम मिळालं नाही तरी ती प्रगती आहे. दर सहा महिन्यांनी वही उघडा. तीच ऑफिसं पुन्हा बोलावताहेत, तर गाडी पुढे सरकतेय. चाळीस-पन्नास टेप गेल्या आणि एकही कॉलबॅक नाही, तर आधी टेप आणि फोटो बदला, एखाद्या चांगल्या शिक्षकाला ते दाखवा. पुढचे सहा महिनेही कोरडे गेले तर मग घरात बसून बोला, आणि तेव्हा तो स्वतःच बोलायला तयार असेल. तोवर घरभाडं वाचतंय ही तुमची मदत क्लासच्या फीपेक्षा मोठी आहे.

एक काम मात्र या आठवड्यातच करा. त्याला २६ पूर्ण होतील तेव्हा तो तुमच्या आरोग्य विम्यातून बाहेर पडेल. काही योजनांत वाढदिवसाच्याच दिवशी, काहींत महिनाअखेरीस. न्यू जर्सीच्या कायद्यानं अविवाहित, मूलबाळ नसलेल्या मुलाला वेगळा हप्ता भरून ३१ व्या वर्षापर्यंत ठेवता येतं, पण कंपनी स्वतःच्या पैशानं विमा चालवत असेल तर हा कायदा तिला लागू नसतो. ऑफिसात एचआरला हेच दोन प्रश्न विचारा: शेवटचा दिवस कुठला, आणि आपली योजना कुठल्या प्रकारची. नाही म्हणाले तर 'गेट कव्हर्ड न्यू जर्सी' या राज्याच्या बाजारात अर्ज करायला विमा संपण्याआधी ६० आणि नंतर ६० दिवस मिळतात. कॅफेतल्या कमाईवर त्याला हप्त्यात सवलत मिळू शकते, किंवा तो मेडिकेड या कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्यात बसू शकतो. त्यासाठी पगाराच्या स्लिप आणि त्या डॉक्टरच्या भूमिकेचा डब्ल्यू-२ फॉर्म (वर्षाची कमाई आणि कापलेला कर दाखवणारा) शोधून ठेवा.